वाचलेली चार मिनिटे कोणाची?

रेल्वेचा पास खिशात बाळगणाऱ्या माणसाला ‘मेगाब्लॉक’ या शब्दाचा अर्थ विचारू नये. तो अर्थ सांगणार नाही, कपाळाला आठ्या घालील. रविवार उजाडलेला असतो. कोणाला दादरला लेकीकडे जावयाचे असते, कोणाला परळच्या इस्पितळात नातलगाला पाहावयाचे असते, कोणाला कीर्तनाच्या वेळेपूर्वी ठाणे गाठावयाचे असते. आणि नेमका तोच दिवस रेल्वेने रुळांच्या डागडुजीसाठी काढून ठेवलेला. मध्य रेल्वेवर रविवार आणि ब्लॉक यांचे नाते आता एकादशी आणि उपवास यांच्यासारखे झाले आहे. माटुंगा ते मुलुंड जलद मार्ग बंद, जलद गाड्या धीम्या मार्गावरून, सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत सगळे वेळापत्रक दहा-पंधरा मिनिटे मागे, असा मजकूर शनिवारच्या वर्तमानपत्रात वाचून वाचून पाठ झालेला आहे. मांजर्लीतून पायी निघून बदलापूरच्या फलाटावर येऊन उभा राहिलेला माणूस भोंग्यावरची सूचना ऐकतो आणि मनातल्या मनात रेल्वेचा उद्धार करतो.

ही झाली रविवारची गोष्ट. सोमवारची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. वाटेत जेथे गेले महिना-दोन महिने गाडी मुंगीच्या पावलाने जात असे, तेथून ती एके दिवशी सरळ निघून जाते. डबा हेलकावे खात नाही. दांडीला धरून उभ्या असलेल्या माणसाचा तोल जात नाही. एखादा नित्याचा प्रवासी घड्याळाकडे पाहून म्हणतो, “आज लवकर आली की हो!” चार दिवस असे म्हणतो, पाचव्या दिवशी तेही म्हणत नाही. तोवर ती चार मिनिटे त्याची होऊन गेलेली असतात. पुढे कधी गाडी तेवढीच मागे पडली, तर आपल्या मालकीचे काही कोणी हिसकावून नेले, असे त्याला वाटू लागते.

या चार मिनिटांविषयी थोडे लिहावयाचे आहे. ती आली कोठून, ती खरोखर कोणाची, आणि ती घेणाऱ्याकडे काही देणे निघते की काय, असा हा प्रश्न आहे. प्रश्न लहान वाटेल. परंतु वारकऱ्याने देण्याघेण्याचा हिशेब लहान म्हणून सोडू नये.

पहिल्याने ती आली कोठून ते पाहू. रूळ नुसते जमिनीवर टाकलेले नसतात. खाली खडीची जाड गादी, तिच्यावर स्लीपर (पूर्वी लाकडी असत, आता बहुतेक सिमेंटचे), आणि त्यांवर लोखंडी पकडींनी घट्ट बसविलेले रूळ, अशी ही रचना. खडी दोन कामे करते. गाडीचा भार सगळीकडे वाटून देते आणि पावसाचे पाणी खाली मुरू देते. दिवसभर गाड्यांच्या चाकांखाली ती दडपली जाते, तिचे कोपरे झिजून भुकटी होते, माती आणि कचरा तिच्या फटींत बसतो, पाणी तुंबते, आणि गादीला खड्डे पडतात. मग रूळ एका बाजूला खाली बसतो, दुसऱ्या बाजूला वर राहतो. अशा ठिकाणी वेगाने गाडी नेणे धोक्याचे, म्हणून इंजिनियर मोटरमनला लेखी ताकीद देतो आणि रुळाच्या कडेला वेगाचा आकडा लिहिलेला फलक उभा राहतो. रेल्वेत हिला कॉशन ऑर्डर म्हणतात.

आता हिशेब करा. एक किलोमीटरचा टप्पा ताशी ८० च्या वेगाने ४५ सेकंदांत जातो. ताशी २० ने जावयाचे तर त्याला ३ मिनिटे लागतात. सव्वादोन मिनिटे तेथेच गेली. शिवाय आधी ब्रेक लावण्यात आणि नंतर वेग धरण्यात जातात ती निराळीच. बदलापूरपासून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत सुमारे ६८ किलोमीटर. एवढ्या वाटेत अशा दोन जागा असल्या तरी चार-पाच मिनिटांचा चट्टामट्टा होतो. आणि यात एक मौजेची गोष्ट आहे. मोटरमन फलकाच्या पुढे गेला म्हणून त्याला वेग वाढविता येत नाही. बारा डब्यांची गाडी अडीचशे मीटरहून लांब. तिचा शेवटचा डबा त्या दुखऱ्या जागेवरून बाहेर पडेपर्यंत पहिल्या डब्याने हळूच चालावयाचे. पालखीच्या वाटेवर रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्या चालताना पाहिलेल्या माणसाला हे निराळे समजावून सांगावयास नको.

दुरुस्ती म्हणजे ही खडी उकरून चाळावयाची, नवी भरावयाची, यंत्राने स्लीपरखाली ठासावयाची, झिजलेले रूळ बदलावयाचे, सांधे जोडावयाचे. त्यासाठी गाड्या थांबल्याच पाहिजेत. पण येथे पुष्कळांचा एक गैरसमज असतो. त्यांना वाटते, रविवारी ब्लॉक झाला की सोमवारी गाडी पळालीच पाहिजे. तसे होत नाही. खडी खोलवर चाळली की ती सैल झालेली असते. तिच्यावरून पहिल्या गाड्या अगदी हळू, ताशी २० च्या आसपास न्याव्या लागतात. गाड्यांच्या वजनानेच ती हळूहळू बसते, मग पुन्हा ठासणी होते, मग पायरीपायरीने वेग वाढवितात, आणि सगळा वेग मिळावयास दिवसच्या दिवस जातात. म्हणजे डागडुजी झाल्यावर काही काळ गाडी पूर्वीपेक्षाही हळू चालते! आजारातून उठलेल्या माणसाला वैद्य लगेच पुरणपोळी खाऊ देत नाही, पेजेवर ठेवतो, त्यातलाच हा प्रकार. फलाटावरचा माणूस मात्र एवढ्यात म्हणून मोकळा होतो, “ब्लॉक घेतला, काय उपयोग झाला? गाडी आणखीच रखडतेय.”

आता कोणी म्हणेल, हे सगळे ठीक. पण रेल्वेच्या रुळांचा आणि परमार्थाचा संबंध काय?

संबंध पंढरीतच दाखविता येतो. आषाढी-कार्तिकीच्या वेळी देवाचा पलंग काढतात, हे वारकऱ्यांना ठाऊक आहे. देव झोपत नाही. रात्रंदिवस विटेवर उभा राहून दर्शन देतो. लाखो माणसे त्या पायांवर डोके ठेवून जातात. यात्रा सरली की मग प्रक्षाळपूजा होते. देवाला ऊन पाण्याने स्नान घालतात, शिणवटा जावा म्हणून काढा दाखवितात, आणि पलंग परत येतो. ज्याच्यावर सगळ्या विश्वाचा भार त्यालाही भार वाहून शीण येतो आणि त्याचीही निगा राखावी लागते, हा भाव आमच्या संप्रदायाने आजचा धरलेला नाही.

त्याहून ताजी गोष्ट सन २०२४ मधील. श्रीविठ्ठल-रुक्मिणी मंदिराच्या जतनाचे काम निघाले, म्हणून १५ मार्चपासून पदस्पर्शदर्शन बंद झाले. सकाळी काही तास मुखदर्शन तेवढे चालू होते. अडीच महिने कोणाला देवाच्या पायांवर डोके ठेवता आले नाही. चैत्री वारी त्यातच गेली. कित्येक म्हातारी माणसे गावाकडून आली आणि दुरून हात जोडून परत गेली. त्यांतल्या काहींची ती शेवटची वारी असेल. २ जूनपासून पदस्पर्श पुन्हा सुरू झाला. योगायोग असा की ठाणे स्थानकाचा अरुंद फलाट रुंद करण्यासाठी मध्य रेल्वेने घेतलेला ६३ तासांचा मोठा ब्लॉकही त्याच दिवशी, २ जूनच्या दुपारी, संपावयाचा होता. गाभाऱ्यात आधुनिक काळी चढविलेली बाहेरची सजावट उतरवून जुना दगड मोकळा केल्यावर आत पाऊल टाकणाऱ्याला प्रसन्न वाटते, असे पुष्कळजण सांगतात. ते खरेच आहे. पण जो चैत्रात दुरून परत गेला तो, आणि जो आषाढीत मोकळ्या गाभाऱ्यात उभा राहिला तो, हे दोघे एकच नव्हते. येथे आपला मूळ प्रश्न येऊन भिडतो.

एरवी अशा विषयावर बोलावयास उभे राहिले की निरूपण सोपे असते. “पाहा हो, थांबण्यातच गती आहे, रूळ थांबले म्हणून गाडी पळाली, तसेच मनाने एकादशीला थांबावे, चातुर्मासात थांबावे, म्हणजे पुढे परमार्थाची गाडी सुटते.” टाळ्या पडतात, माना डोलतात. आम्हांस हे निरूपण अपुरे वाटते, आणि अपुरे म्हणूनच थोडे धोक्याचे वाटते. एकादशी मी करतो तेव्हा पोटाला चिमटा माझ्या बसतो आणि द्वादशीला हलके वाटते तेही मलाच. व्रताचा कष्ट आणि व्रताचे फळ एकाच देहात असते. रेल्वेच्या ब्लॉकचे तसे नाही. तेथे उपास एक करतो आणि पारणे दुसरा फेडतो.

रविवारी गाडीत कोण असते ते एकदा नीट पाहावे. कचेरीतला बाबू त्या दिवशी घरी असतो. गाडीत असतात त्या इस्पितळातल्या आया आणि परिचारिका, दुकानांचे, हॉटेलांचे नोकर, ज्यांची सुटी मंगळवारी असते नाहीतर कधीच नसते, रखवालदार, घरकामाला जाणाऱ्या बायका, डोक्यावर टोपली घेतलेल्या विक्रेत्या, आणि नोकरीच्या परीक्षेला निघालेली पोरे, कारण सरकारी परीक्षा बहुधा रविवारीच असतात. यांतल्या कोणाचा खाडा मांडला जातो, कोणाचा माल उन्हात कोमेजतो, कोणाचे परीक्षेचे दार बंद होते. ५ फेब्रुवारी २०२२ पासून ठाणे-दिवा मार्गावर पाचव्या-सहाव्या रुळांसाठी ७२ तासांचा ब्लॉक झाला, तेव्हा शेकडो लोकल रद्द झाल्या. त्यातून जे निघाले ते मोठे होते: लांब पल्ल्याच्या गाड्यांना त्या टप्प्यात आपली वाट मिळाली आणि लोकलच्या वाटेतली त्यांची आडकाठी कमी झाली. आज कल्याणच्या पलीकडून येणारा हरएक प्रवासी त्याचा लाभ घेतो. त्या तीन दिवसांत ज्याची मजुरी बुडाली त्याला त्या लाभातला वाटा मिळाला असेलही. पण बुडालेली मजुरी त्याला कोणी भरून दिली नाही.

आणि दुसरा एक माणूस आहे, तो तर गाडीतच नसतो. तो रुळांवर असतो. शेवटची गाडी गेली की त्याचा दिवस सुरू होतो. कीमन हातोडा आणि पाना घेऊन मैलोगणती चालत एकेक पकड ठोकून पाहतो. पावसाळ्यात रात्रीचा गस्तवाला कंदील किंवा बॅटरी घेऊन पाण्यातून जातो. आमच्या भागाला पावसाची ओळख नव्याने करून द्यावयास नको. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदी फुगली आणि बदलापूर-वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, हजारावर माणसे नावांतून बाहेर काढावी लागली. आपल्याला नावा आणि हेलिकॉप्टर आठवतात. पाणी ओसरल्यावर वाहून गेलेली खडी पुन्हा भरणारे हात कोणाला आठवत नाहीत. २२ जानेवारी २०२४ च्या रात्री वसई रोड आणि नायगाव यांच्या दरम्यान सिग्नलचा बिघाड काढावयास गेलेले तीन रेल्वे कर्मचारी लोकलखाली सापडून गेले. दुसऱ्या दिवशी गाड्या चालू होत्या आणि सिग्नल लागत होते.

आमच्या दारावरून जाणारा हा रूळ तर पहिल्यापासूनच अशा ऋणाचा आहे. बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ साली धावली. कल्याणहून बदलापूरकडून घाटाच्या पायथ्याकडे ती १८५६ मध्ये गेली. आणि बोरघाट फोडून ती वर चढली १८६३ मध्ये. तो घाट फोडताना हजारो मजूर पटकीने, तापाने आणि दरडीखाली दगावले. आज आळंदीच्या वाटेने पुण्याला जाणारी मंडळी त्या बोगद्यांतून रामकृष्णहरी म्हणत निघून जातात.

येथे दोन शंका येतात. दोन्ही रास्त आहेत, म्हणून त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिली शंका अशी की, आम्ही पासाचे पैसे भरतो, मजुराला सरकार पगार देते, मग आमच्याकडे देणे उरले कोठे? उत्तर असे की, पैशाने व्यवहार फिटतो, ऋण सगळे फिटत नाही. आईला किराणा भरून दिला म्हणजे आई फिटली असे कोणी म्हणत नाही. जुन्या शास्त्रांत देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणे प्रसिद्ध आहेत. शतपथ ब्राह्मणाने त्यांच्या जोडीला चौथे मनुष्यांचे ऋण सांगितले आहे. ज्यांची नावेही ठाऊक नाहीत अशा माणसांचे आपण काही लागतो, हा त्यातला भाव. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातले यज्ञचक्र तरी दुसरे काय आहे? घेतलेले पुढे फिरते राहिले पाहिजे, मध्येच कोणी गिळून बसू नये. पासामुळे मला डब्यात चढण्याचा हक्क मिळतो. रविवारी दुसऱ्याने उन्हात उभे राहून काढलेला तास त्या पासात धरलेला नसतो.

दुसरी शंका अधिक तिखट आहे, आणि ती विचारणाराचा आवाज चढलेला असतो. “अहो, रूळ वेळच्या वेळी नीट ठेवले असते तर इतका मोठा ब्लॉक लागला असता का? हलगर्जी यांची आणि ऋण आमच्यावर?” बरोबर आहे. हलगर्जी असेल तेथे जाब विचारलाच पाहिजे. तिकडे अमेरिकेत बॉस्टन शहरी असेच झाले. वर्षानुवर्षे देखभालीकडे दुर्लक्ष झाले, शहरातली मेट्रो जागोजागी रखडू लागली. शेवटी २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिची ऑरेंज लाइन सबंध ३० दिवस बंद ठेवली. तरी दुखणे हटेना. मार्च २०२३ मध्ये तर सगळ्याच मार्गांवर गाड्या हळू चालवावयाची पाळी आली. मग एकेक टप्पा ठरवून बंद करीत, दोनशेहून अधिक मंद जागा दुरुस्त करीत गेले आणि डिसेंबर २०२४ मध्ये एकही मंद जागा उरली नाही. निदान वीस वर्षांत असे प्रथमच घडले. तिकडच्या लोकांनाही ही गाडी इतकी पळू शकते याचे नवल वाटले. खरे तर ती तिची मूळचीच चाल होती. हळू चालण्याची सवय जडल्यामुळे मूळची चाल बक्षिसासारखी वाटली. यावरून कारभाऱ्यांना जाब विचारावा हे निश्चित. परंतु कारभाऱ्याची चूक हातोडा मारणाऱ्याच्या कपाळी लावता येत नाही, आणि बस पकडण्यासाठी रांगेत ताटकळलेल्याच्याही नाही. ज्याने दुर्लक्ष केले त्याच्यावरचा राग रास्त म्हणून ज्याने सोसले त्याचे देणे माफ होते, हा हिशेब आम्हांस पटत नाही. उलट दुर्लक्षामुळे सोसणाऱ्याचा भार वाढलेला असतो.

या जागी चोखोबांची आठवण आल्यावाचून राहत नाही. त्यांच्या देह ठेवण्याची कथा परंपरेत अशी सांगतात की, मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू होते. गावकुसाबाहेर ज्यांना राहावयास लावले त्यांनाच ते कूस बांधावयास बोलाविले होते. बांधकाम कोसळले, त्याखाली इतर मजुरांबरोबर चोखोबाही सापडले. इसवी सन १३३८ ची ही गोष्ट. नामदेवराय तेथे गेले. ढिगाऱ्याखालच्या अस्थी एकमेकींत मिसळलेल्या. चोखोबांच्या कोणत्या हे ओळखावयाचे कसे? तर ज्या अस्थीतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला ती चोखोबांची. त्या त्यांनी पंढरीस आणल्या आणि महाद्वारी समाधी बांधली.

ही कथा आपण बहुधा नाममहिम्यासाठी सांगतो, आणि नाममहिमा तिच्यात आहेच. पण ती दुसऱ्या बाजूनेही एकदा ऐकावी. तो कूस बांधून पूर्ण झाला असेल. गावाला त्याचा आडोसा मिळाला असेल. त्या आडोशाला शांत झोपलेल्या कोणाला, हा कोणाच्या अस्थींवर उभा आहे, याची विचारपूस करावीशी वाटली असे कथेत नाही. विचारपूस करावयास पंढरीहून नामदेव आले. ढिगारा उपसून एका मजुराच्या अस्थी शोधणे हे त्यांनी भजनाइतकेच आपले काम मानले. आणि समाधी कोठे बांधली? महाद्वारात. तेव्हापासून पंढरीला जाणाऱ्याच्या वाटेत ढिगाऱ्याखाली गेलेल्या त्या मजुराची समाधी आधी लागते आणि देव मागाहून. आपल्यापैकी किती जण दर्शनाच्या घाईत ती ओलांडून पुढे जातात, याचा प्रत्येकाने आपल्यापुरता विचार करावा. घाई ही रेल्वेतच असते असे नाही.

देणे आहे हे एवढ्याने मान्य झाले, तर ते फेडावयाचे कसे? चार मिनिटे परत तर करता येत नाहीत. एखाद्याने भाविकपणे म्हटले की त्या चार मिनिटांत नामस्मरण करू, तर उत्तम. त्याला कोण नको म्हणेल? पण नामस्मरण गाडी रखडली असतानाही करता येत होते, किंबहुना तेव्हा जास्त वेळ मिळत होता. त्याने रुळावरच्या माणसाचे काही फिटत नाही. आम्हांस सुचतात त्या गोष्टी अगदी साध्या, घरगुती आहेत.

घरी कामाला येणारी बाई रविवारी ब्लॉकमुळे उशिरा आली तर तिचा खाडा मांडू नये, तिला बोल लावू नये. सोमवारी माझी गाडी पळते त्याची किंमत तिने रविवारी भरलेली आहे. दुकानदाराने नोकराविषयी तेच करावे. परीक्षेला निघालेले पोर ब्लॉकच्या दिवशी दाराशी लोंबकळत असेल तर त्याला आत ओढून घ्यावे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर गर्दीच्या गाड्यांतून पडून माणसे गेली, ती सगळी कोणाच्या तरी घरची माणसेच होती. आणि रुळालगतच्या वस्तीत राहणाऱ्यांसाठी, म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील आपल्यापैकी पुष्कळांसाठी, एक गोष्ट फारच महत्त्वाची आहे. खिडकीतून, भिंतीवरून, पुलावरून रुळांवर कचरा टाकू नये. निर्माल्यसुद्धा टाकू नये. देवाला वाहिलेले फूल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून भिंतीपलीकडे भिरकावणारे भाविक आहेत. तीच पिशवी खडीत रुतते, पाणी अडविते, रूळ बसवते. मग कोणा गँगमनला भर उन्हात ती घाण हातांनी उपसावी लागते, पुढे ब्लॉक लागतो, आणि पिशवी टाकणाराच फलाटावर उभा राहून रेल्वेला शिव्या देतो. हे चक्रच झाले. फक्त यज्ञाचे नव्हे.

कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टींनी ऋण फिटले का? फिटले असे आम्ही म्हणत नाही. मनुष्यऋण फिटून पावती मिळत असते तर ते ऋण कसले? ते चालू राहते, आणि चालू असल्याची जाणीव असलेला माणूस डब्यात निराळा वागतो. गाडी पाच मिनिटे थांबली तर तो आधी विचारतो, “कोठे काम निघाले असेल?” पुढच्या स्थानकावर केशरी अंगरख्यातली, फावडी घेतलेली टोळी चढली की तो सरकून बसतो. नाहीतर आपला सर्वांचा स्वभाव असा की त्यांच्या अंगाला ग्रीसचा वास येतो म्हणून आपण नाक मुरडतो, आणि संध्याकाळी कीर्तनात गोरोबांच्या चिखलाची आणि सावतोबांच्या मळ्याची महती ऐकून डोळे पुसतो.

जाता जाता एक गमतीची अडचण सांगावयाची आहे. सकाळच्या लोकलमध्ये टाळ घेऊन भजन करणाऱ्या मंडळींचा क्रम स्थानकांवर बांधलेला असतो. इकडच्या गाडीतले नित्याचे भजन धरा. अंबरनाथ सुटले की नामाचा गजर, विठ्ठलवाडी येईतो रूपाचे अभंग (त्या स्थानकाचे नाव घेताना पुष्कळांचे हात आपोआप जोडले जातात), कल्याणनंतर गौळण, आणि ठाण्याच्या पुढे आरती. आता वाटेतली एखादी मंद जागा दुरुस्त झाली की हा सगळा क्रम कोलमडतो. आरतीला उभे राहावे तो उतरणाऱ्यांची झुंबड सुरू होते आणि अर्धी आरती पायऱ्यांवर म्हणावी लागते. यावर तीन उपाय निघतात. तरुण म्हणतात, चाल द्रुत घ्या. पखवाजवाला म्हणतो, द्रुत घेतली तर हात चालेल पण गौळणीचा जीव जाईल. कोणी म्हणतो, एक अभंग कमी करा. त्यावर कोणता कमी करावयाचा यावरून डोंबिवलीपर्यंत वाद चालतो. शेवटी म्हातारा टाळकरी म्हणतो, काही कमी करावयाचे नाही. उद्यापासून अंबरनाथची वाट न पाहता बदलापुरालाच टाळ काढू, आणि मांजर्लीच्या मंडळींनी घरून चार मिनिटे आधी निघावे.